घरी शिवलेल्या कापडी पिशव्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी मशीनपाशी एक गाठोडं कायम पडलेलं असतं. त्यात जुने अभ्रे, पडदे, विरलेल्या चादरी, कुणाकुणाच्या साड्या. त्यातून मी पिशव्या शिवते. विकत नाही, ओळखीत वाटते. मग हळदीकुंकवात, फोनवर, भाजीच्या ठेल्यापाशी उभं राहून तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकदाच लिहून काढते. मापं इंचांत आहेत आणि कापड मीटरमध्ये, कारण टेपवर आणि दुकानात आपण बोलतो तसंच.

सुरुवात कोणत्या कापडाने करू?

घरात पडून आहे त्याने. पिशवी शिवायची म्हणून पुष्कळ जणी आधी सीतलामाता बाजार गाठतात, येताना दोन साड्या घेऊन येतात आणि पिशवीचं कापड तेवढं राहून जातं.

सगळ्यांत सोपा उशीचा अभ्रा. तीन बाजू आधीच शिवलेल्या, तोंड दुमडलेलं. दोन बंद लावले की पिशवी तयार. त्यानंतर पडद्याचं जाड कापड. बेडशीट असेल तर मधला, झोपून झोपून विरलेला भाग सोडा. कडेचा, गादीखाली खोचलेला पट्टा बहुतेक वेळा नव्यासारखा निघतो. जीनच्या पँटीचा मांडीचा भाग मंडीच्या पिशवीला उत्तम. सुती साडी एकेरी चालत नाही, दुहेरी करावी लागते, मात्र तिचे काठ बंदांना फार छान. माहेश्वरीचा काठ लावलेली एक पिशवी माझ्या नणंदेने तीन लग्नांत मिरवली.

जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या पिशवीला वाईट नाहीत. हलक्या असतात, मुठीत मावतात. तुकडा कापला की धागे सुटतात एवढाच त्रास. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून त्याची पिशवी कोथिंबीर-मिरचीपुरती. दोन किलो बटाटे टाकले की ती गुडघ्यापर्यंत लोंबते.

जुनं कापड टिकेल की नाही हे कसं ओळखायचं?

कापड दोन्ही मुठींत धरा, अंगठे एकमेकांना लावा आणि जोरात बाहेर ताणा. आधी उभं, मग आडवं. "चर्र" आवाज आला की ते कापड पुसण्याकडे. आवाज नाही आला तर उजेडाकडे धरा. जिथून बोटं स्पष्ट दिसतात तो भाग सोडून बाकीचा वापरा.

घड्यांकडे विशेष लक्ष द्या. सासूबाईंच्या पेटीतून हुकुमचंद मिलचं जाड पांढरं कापड निघालं होतं. मिल १९९१ साली बंद पडली, म्हणजे कापड निदान तेवढं तरी जुनं. हाताला इतकं दणकट की मी डोळे मिटून कातरी चालवली. पहिल्याच आठवड्यात पिशवी फाटली ती बरोबर घडीच्या रेषेवर, पट्टीने आखल्यासारखी सरळ. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं कापड तिथेच मोडतं. तेव्हापासून मी जुनं कापड धुऊन, इस्त्री करून, घड्यांवर खडूने खुणा करते आणि घड्या टाळून कापते. उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या झाल्या, त्या अजून चालू आहेत.

नवं कापड आणलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण हिशेब बदलतो. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं, की दुकानातली सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली तर तापमानवाढीच्या बाबतीत ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या, म्हणजे आपल्या पन्नीच्या, बरोबरीला येते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालात हा आकडा हवामानापुरता ५२ आहे, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळेच परिणाम धरले तर थेट ७१००. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते, सूत कातायला आणि कापड रंगवायला वीज आणि रसायनं लागतात, म्हणून हे आकडे एवढे मोठे.

हे वाचून एका काकूंनी मला "मग पन्नीच बरी की!" असं सुनावलं होतं. तसं नाही. डेन्मार्कच्या त्या अहवालात उघड्यावर पडणाऱ्या पन्नीचं नुकसान धरलेलंच नाही, कारण तिकडे ती फारशी उडत नाही. आपल्याकडे ती नाल्यात अडकते, गाईच्या पोटात जाऊन बसते. आणि जुन्या चादरीचा कापूस कधीच पिकून, विणून, वापरून झालेला आहे. तिची पिशवी केली तर नवीन लागतो तो फक्त दोरा. म्हणून माझा हट्ट जुन्या कापडाचा. नवं आणलंच असेल तर आठवड्यातून दोनदा वापरून १३१ चा आकडा सव्वा वर्षात गाठता येतो. कपाटात दहा नव्या पिशव्यांची थप्पी लावून तो कधीच गाठता येणार नाही.

माप काय घ्यायचं आणि कापड किती लागतं?

रोजच्या किराणा-भाजीच्या पिशवीला १८ इंच रुंद आणि ३८ इंच लांब असा एकच सलग तुकडा, आणि बंदांसाठी ४ इंच रुंद, २६ इंच लांब अशा दोन पट्ट्या. ३६ इंची पन्ह्याच्या (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) दीड मीटरमध्ये अशा दोन पिशव्या बंदांसकट निघतात आणि आतल्या खिशालाही तुकडा उरतो. कोरं सुती कापड आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, मगच कापा. धुतल्यावर पन्हा इंचभर आकसला तर १८ ऐवजी साडेसतरा धरा, काही अडत नाही.

२६ इंची बंदांची पिशवी हातात धरायची. ती जमिनीला घासत नाही. खांद्याला अडकवायची असेल तर पट्टी ३२ इंच घ्या. पण उंची कमी असलेल्यांनी तेच बंद हातात धरले तर पिशवी पायांत येते, हे लक्षात असू द्या.

शिवायची कशी? पहिल्यापासून सांगा.

तुकडा मधोमध दुमडायचा, म्हणजे तळाला शिवण येतच नाही. पिशवीचा सगळा भार तळावर, तिथे अखंड कापड हवं. छापाचं कापड असेल तर आधी एक गंमत बघून ठेवा. सलग तुकडा दुमडल्यावर मागच्या बाजूचा छाप उलटा येतो. मी एकदा हत्तींच्या पडद्याची पिशवी शिवली, मागचे सगळे हत्ती शीर्षासनात. पोरांना तीच आवडली, ते सोडा.

आता दोन्ही बाजू. सुलटी बाजू बाहेर ठेवून कडेपासून पाव इंचावर टीप मारायची. मग पिशवी उलटायची, शिवण नखाने किंवा इस्त्रीने दाबायची आणि पाव इंचाहून जरा जास्त सोडून पुन्हा टीप मारायची. कापडाच्या कापलेल्या कडा दोन टिपांच्या मध्ये कायमच्या गाडल्या जातात. याला काही जण फ्रेंच शिवण म्हणतात. आमच्या टेलरकाकांचा शब्द "पलटी". पाच मिनिटं जास्त लागतात, पण नंतर तांदळात धागे येत नाहीत आणि धुताना शिवण उसवत नाही.

मग तळाचे कोपरे. पिशवी उलटी असतानाच एक कोपरा असा ओढायचा, की बाजूची शिवण तळाच्या घडीवर बरोबर येऊन बसेल. समोसा दिसला पाहिजे. त्याच्या टोकापासून अडीच इंचांवर आडवी रेघ मारा, ती ५ इंच लांब भरेल. त्या रेघेवर दोनदा टीप. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. आता पिशवीला ५ इंच रुंदीचा तळ आला, ती ओट्यावर उभी राहते आणि टोमॅटो एकावर एक चिरडत नाहीत. समोशाची टोकं कापू नका. ती बाजूच्या शिवणीला टाचून टाका, कोपऱ्याला दुहेरी बळ येतं.

शेवटी तोंड आणि बंद. ४ इंची पट्टी मधोमध दुमडून घडी पाडायची, उघडायची, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणायच्या आणि पुन्हा मिटायची. चार पदरी, इंचभर रुंद बंद तयार होतो. त्याच्या दोन्ही कडांना टीप. पिशवीचं तोंड आधी अर्धा इंच, मग दीड इंच आत दुमडायचं. बंदाची टोकं बाजूच्या शिवणीपासून ५ इंचांवर या दुमडीच्या आत खोचायची, दुमडीवर सगळीकडून टीप मारायची, मग बंद वर वळवून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली शिवायची.

मशीनला जाड कापडासाठी १६ नंबरची सुई आणि जीन असेल तर १८ नंबरची. टाका जरा मोठा ठेवा, इंचाला आठ-नऊ. बारीक टाक्यांनी जाड कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटतं. जीनच्या चार पदरांवर मशीन अडलं तर पाय दामटू नका. शिवणीचा जाड भाग पाट्यावर ठेवून वरवंट्याने दोन ठोके द्या, सपाट होतो.

पहिल्या पिशवीला एक संध्याकाळ जाईल. पाचवी पाऊण तासात होते.

मशीन नाही. हाताने शिवली तर टिकेल का?

टिकते, फक्त धावदोऱ्याने शिवू नका. उलटी टीप घाला. एक टाका पुढे, अर्धा मागे. दोरा दुहेरी, शक्यतो गाद्या-रजया शिवायचा जाड. आमच्या आजीच्या वेळच्या दळणाच्या पिशव्या सगळ्या हाताच्या होत्या आणि त्यांतून दहा-दहा किलो गहू गिरणीत जायचे.

माझ्या पिशवीचे बंदच दरवेळी निघतात. काय चुकतं?

कापड सहसा फाटत नाही, बंदच दगा देतात. माझी पहिली पिशवी चोइथराम मंडीत, भर रस्त्यात, अडीच किलो टोमॅटोंसकट गेली. बंद मी तोंडाच्या एकेरी कापडावर वरून नुसते टाचले होते, आडवी एक टीप. बंद शाबूत राहिला, पण त्याच्याबरोबर कापडाचा चौकोनी तुकडा निघून हातात आला. टोमॅटो एका हम्मालाच्या पायाखाली. तो बिचारा "अरे दीदी, देख के" म्हणत उरलेले वेचू लागला आणि मी तो बंद हातात धरून उभी.

तेव्हा कळलं की ओढ बंदावर नसून बंदाखालच्या कापडावर असते. तिथे किमान तीन पदर हवेत. कापड पातळ असेल तर आतून दोन इंचांचा चौकोनी ठिगळ लावा आणि मगच फुली शिवा. आणि बंदाची दोन टोकं अगदी जवळ आणू नका. पिशवीच्या मधोमध सगळा भार एकवटला तर तोंड चोचीसारखं होतं.

नवी पिशवी मंडीत न्यायच्या आधी पाण्याच्या पाच-पाच लिटरच्या दोन कॅन भरून तिच्यात ठेवते आणि रात्रभर दाराच्या कडीला लटकवते. दहा किलो झाले. सकाळी शिवणीतून उजेड दिसला नाही की पिशवी पास.

अस्तर लावावं का?

नको. अस्तर आणि कापड यांच्यात माती, कांद्याची टरफलं, मेथीची पानं जाऊन बसतात आणि वाळायला दोन दिवस लागतात. हौसेला मोल नाही, बाकी काही कारण नाही.

लग्नात, दुकानात मिळतात त्या कापडासारख्या पिशव्या चालतात ना?

त्या कापडाच्या नसतात. त्यांना नॉन-वोव्हन म्हणतात आणि त्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या तंतूंना उष्णतेने चिकटवून केलेल्या असतात. विणलेल्या नसल्यामुळे उजेडात धरल्यावर ताणा-बाणा दिसत नाही, बारीक टिपक्यांचे ठसे दिसतात. तरी शंका असेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, हा वितळून टोकाला मणी धरतो.

आहेत त्या फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. फक्त गच्चीवर, उन्हात ठेवू नका. ऊन लागलं की वर्षभरात त्यांचा भुगा व्हायला लागतो आणि तो भुगा झाडूने गोळासुद्धा करता येत नाही. केंद्राच्या नियमानुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून अशा पिशवीचं कापड दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकं चालत नाही. हातात घेतल्यावर कागदासारखी फडफडणारी पिशवी बहुतेक त्याहून हलकी असते.

बंदी आहे तर ठेल्यावर पन्नी अजून कशी मिळते?

मध्य प्रदेशात पॉलिथिनच्या कॅरीबॅगवर २०१७ च्या मे महिन्यात बंदी आली. त्याच वर्षी इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्यांदा पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलंच राहिलं. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅग चालत नाही. आणि एवढं असूनही ठेल्याच्या कोपऱ्यात, पोत्याखाली पन्नीची गड्डी असतेच. भैयाला विचारलं तर म्हणतो, "ग्राहक माँगते हैं, नहीं दूँ तो आगे वाले के पास जाते हैं." खरंच आहे. मी स्वतः रिकाम्या हाताने गेले त्या दिवशी तीच मागितली आहे.

पिशव्या घरात वीस आहेत, पण बाहेर पडल्यावर हातात एकही नसते. यावर उपाय?

हाच खरा प्रश्न, बाकी सगळं शिवणकाम. मी स्वतःवर बराच काळ पाळत ठेवली तेव्हा कळलं, की घोटाळा बाहेर पडताना होत नाही, परतल्यावर होतो. भाजी ओट्यावर ओतली, पिशवी तिथेच, कोथिंबिरीच्या मुळांसकट. मग ती डब्याच्या मागे. मग कपाटात. दुसऱ्या दिवशी चपला घालताना कपाट कुणाला आठवतं?

म्हणून आमच्याकडे चपलांच्या स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला एक खिळा आहे. पिशवी रिकामी झाली की दाराबाहेर उलटी झटकायची आणि त्या खिळ्यावर. ओट्यावर दिसली की ज्याला दिसेल त्याने खिळ्यापर्यंत न्यायची. पहिला महिना मी रोज ओरडले. आता नातू सुद्धा नेतो.

दुसरी पिशवी गाडीच्या डिक्कीत. ती वापरली की तिचीही परत जायची सोय हवी, म्हणून मी तिच्या बंदाला गाडीच्या जुन्या किल्लीचा छल्ला अडकवला आहे आणि घरात आल्यावर ती गाडीच्या किल्लीच्याच कडीला लागते. तिसरी, जॉर्जेटची, पर्समध्ये. चौथीची गरज मला आजवर पडलेली नाही. वीस पिशव्या असल्या की प्रत्येक जण "दुसरी असेल" म्हणतो. सतरा वाटून टाका.

घरातल्या पुरुषांना, मुलांना झोला धरायची लाज वाटते.

फुलाफुलांचा झोला दिला तर वाटणारच. आमचे हे ऑफिसातून येताना "पिशवी नव्हती" हे कारण वर्षानुवर्षं देत होते. एकदा त्यांच्याच जुन्या करड्या पँटीची पिशवी शिवली, तिच्या आतल्या शिवणीला हातभर लांबीच्या चादरीच्या पट्टीचा खिसा लावला. पिशवी त्या खिशात उलटी कोंबली की रुमालाएवढी घडी होते, पँटच्या खिशात जाते. आता सियागंजातून धने, जिरं, हळद आणायचं काम त्यांच्याकडे आहे. पँट त्यांची होती हे त्यांनी अजून ओळखलेलं नाही.

पिशवीसकट वजन केलं तर नुकसान होत नाही का?

होतं, आणि थोडंथोडकं नाही. माझी अभ्र्याची पिशवी घरच्या काट्यावर ८५ ग्रॅम भरते, जीनची २१०. पाव किलो आलं अभ्र्याच्या पिशवीत तोललं तर तिसरा हिस्सा पिशवीच! रिकामी पिशवी काट्यावर ठेवून भैयाला झिरो करायला सांगा. हाताचा तराजू असेल तर भाजी पारड्यात तोलून मग पिशवीत ओतून घ्या. किराणावाल्याकडे डाळ-तांदळाच्या पिशव्या नेता तेव्हा तर हे सांगाच. मी प्रत्येक पिशवीच्या आत, तळाशी, तिचं वजन दोऱ्याने भरून ठेवलं आहे. दुकानदार आता न विचारता वजा करतो.

डाळ, रवा, पिठासाठी वेगळ्या पिशव्या लागतात?

हो, छोट्या, नाडीच्या. तयार माप ८ बाय ११ इंच असलं तर किलोभर डाळ आरामात मावते. पिठाला १० बाय १४ घ्या. तोंडाला इंचभर नेफा, त्यात नाडी, नाडीची लांबी पिशवीच्या रुंदीच्या दुप्पट आणि वर सहा इंच.

कापड मात्र घट्ट विणीचं हवं. मांजरपाट सर्वांत बरा. सुती साडीच्या पिशवीतून मी एकदा चक्कीवरून पीठ आणलं, घरी पोचेपर्यंत काळी ॲक्टिवा पांढरी झाली होती. आणि पलटी शिवण इथे सक्तीची, नाहीतर रव्यात धागे. धान्याच्या पिशवीला धान्याशिवाय दुसरं काही लागू देऊ नका. कीड लागलेल्या डाळीची पिशवी उकळत्या पाण्यात घालून, कडक उन्हात वाळवून मगच परत वापरात.

दही, पनीर, सेव, कचोरी?

डबा. कापडी पिशवीने जग जिंकायचं नसतं. सेव कापडात घेतली तर तेल पिशवीला लागतं, मग पिशवीला वास लागतो आणि मग पुढच्या वेळच्या पोह्यांना. पिशवीच्या तळाशी एक झाकणाचा स्टीलचा डबा टाकून ठेवा. नमकीनच्या दुकानात डबा पुढे केला की पूर्वी माणसं बघायची, आता कुणी मान वर करत नाही. तेलाचा डाग पडलाच तर त्यावर कोरडं बेसन पसरून तासभर ठेवा, झटका आणि गरम पाण्यात साबणाने चोळा.

मांस-मासे आणत असाल तर त्यांचा डबा आणि पिशवी दोन्ही वेगळी, लाल दोऱ्याची खूण केलेली.

भाजी फ्रिजमध्ये पिशवीतच ठेवली तर चालेल का?

पालेभाजीसाठी उत्तम. मेथी, पालक निवडून, सुती पिशवी पाण्यात बुचकळून घट्ट पिळून तीत भरा. फ्रिजची हवा कोरडी असते, ओलसर कापडामुळे पानं मलूल होत नाहीत. दुसऱ्या दिवशी कापड सुकलेलं दिसलं तर हाताने शिंतोडे मारा. ओली पिशवी म्हणजे टपटप गळणारी नव्हे, तशात पानं सडतात.

कांदे-बटाट्यांना जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या. दोघांना एकत्र ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात.

किती वेळा धुवायची?

भाजीची आठवड्याला एकदा, धान्याची रिकामी झाली की. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्राहकांच्या हातातल्या पिशव्या घेऊन तपासल्या होत्या. बहुतेकांनी त्या कधीच धुतल्या नव्हत्या आणि जवळजवळ सगळ्याच पिशव्यांत जिवाणू निघाले; धुतल्यावर ९९.९ टक्क्यांहून जास्त जिवाणू गेले. म्हणजे औषध साधंच आहे. उलटी करून धुवा, कोपऱ्यांतली माती काढा, उन्हात वाळवा. हळदीचा डाग उन्हातच फिका होतो.

रंगीत कापड पहिल्या तीन वेळा वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मला तरी तसा अनुभव नाही. एका लाल खणाला मी दोनदा मीठ दाखवलं, तरी पहिल्या पावसात फ्लॉवर गुलाबी झाला. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे इथल्या रंगाच्या मिरवणुकीत, सापडलेली पिशवी धुवायच्या फंदात पडू नका, ती आता तशीच.

पावसाळ्यात काय करायचं?

नायलॉनची वापरा, लवकर सुकते. जीनची पिशवी जुलैत घराबाहेर काढू नका. भिजली की स्वतःच दोन किलोची वाटते.

संक्रांतीच्या वाणाला ५१ पिशव्या करायच्या आहेत. कापड किती आणू?

छोट्या, साध्या, तळाला कोपरे नसलेल्या पिशव्यांचा हिशेब सांगते. अंगाचा तुकडा ११ बाय २७ इंच, बंदांच्या पट्ट्या अडीच बाय १८. ३६ इंची पन्ह्यात आडव्या तीन पिशव्या बसतात आणि त्यांच्या सहा पट्ट्यांना वर साडेसात इंच लागतात. म्हणजे ३५ इंचांत तीन. ५१ ला पंधरा मीटरच्या जरा वर. आकसणं धरून १६ मीटर मांजरपाट आणा. एवढं कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये घ्या, घराजवळच्या दुकानात नको.

आधी सगळं कापड कापून घ्या, मग सगळ्या बाजू, मग सगळे बंद. एकेक पिशवी पूर्ण करत बसलात तर रथसप्तमी येईल. आणि वाण घ्यायला येणारीला विचारा तरी, की तिच्या घरी आधीच किती आहेत. गेल्या वर्षी मी पिशव्यांऐवजी नाडीच्या डाळीच्या पिशव्या दिल्या. त्यांतल्या बऱ्याच परत माझ्याकडे आल्या, तिळाच्या वड्या भरून.

पिशवी फाटली की तिचं काय?

छोटं भोक असेल तर आतून ठिगळ, बाहेरून दिसलं तरी हरकत नाही. कापडच विरलं असेल तर आधी बंद उसवून घ्या. चार पदरी बंद पिशवीच्या तिप्पट टिकतात. माझ्याकडचे एक जोडी बंद सध्या तिसऱ्या पिशवीवर आहेत. मग बाजूच्या शिवणी कापून पिशवी उघडा. तळाचा जाड भाग दुमडून शिवला की गरम भांडं उतरवायला फडकं होतं, उरलेलं ओटा पुसायला. सिंथेटिक पिशवी मात्र पुसायलाही निकामी, पाणी शोषत नाही. ती सुक्या कचऱ्याच्या डब्यात, सकाळच्या गाडीला.